पट्टा मिळाला, निर्णयाचं काय?

कल्याणच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत असे. स्वयंनिर्णयाचा धडा आला की फळ्यावर ठरलेली नावं उमटायची: पहिलं महायुद्ध, अध्यक्ष विल्सन, आशिया-आफ्रिकेतल्या वसाहतींचं स्वातंत्र्य. मुरबाडची पहाटेची एसटी नाहीतर कसारा लोकल पकडून येणारी मुलंमुली वर्गात असायची. त्यांच्यातल्या एका ठाकर मुलीने तास संपता संपता विचारलं, "मॅडम, हे देशांनाच असतं का? पाड्याला नसतं?" पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं होतं. पण याच प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत पंचवीस वर्षं खल चालला, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापायी दोनशे वर्षांचा कायदा फिरवला, आणि ठाणे जिल्ह्यात तो आजही कुठल्या ना कुठल्या फायलीत पडून आहे. निवृत्तीनंतर मी मुरबाड-शहापूरच्या वाड्यांवर वनहक्काचे दावे भरायला मदत करते. तिथे जे कळलं ते पुस्तकांशी ताडून इथे मांडते.

आधी दोन प्रश्न वेगळे करायला हवेत. जमीन कुणाच्या मालकीची, हा एक. तिचं काय करायचं हे कोण ठरवणार, हा दुसरा. डोंबिवलीतला माझा फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण समोरचा रस्ता किती रुंद करायचा, पलीकडच्या टेकडीवर किती मजले चढू द्यायचे हे महापालिका ठरवते. ती मला पसंत नसली तरी तिच्या निवडणुकीत माझं मत असतं. जगभरचे आदिवासी समाज भूप्रदेशावरचा हक्क मागतात तेव्हा त्यांना हा दुसरा हक्कही हवा असतो. त्यांचं म्हणणं असं: तुमचं राज्य इथे पोचण्याआधी आम्ही इथे राहत होतो, रान कसं वापरायचं, पाणी कुणी कधी घ्यायचं, भांडण कुणी मिटवायचं याच्या आमच्या रीती होत्या. राज्य आलं, त्याने नकाशा काढला आणि आम्हाला न विचारता सगळं आपल्या नावावर केलं. आता तुम्ही त्यातला एखादा तुकडा आम्हाला परत देता, पण ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडेच ठेवता.

हे पुस्तकी वाटत असेल तर दाव्याचा पंचनामा कसा होतो ते पाहा. 2006च्या वनहक्क कायद्याप्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसतं, ती जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत त्याच्या हक्काची म्हणून मान्य करायची असते, नवरा-बायको दोघांच्या नावे. गावाची वनहक्क समिती, वनरक्षक, तलाठी असे सगळे प्लॉटवर जमतात. सरकारी कागद बहुतेकांकडे नसतो. असलाच तर जुन्या दंडाची पावती, म्हणजे वनखात्याने अतिक्रमण म्हणून कधीकाळी फाडलेला कागद, जो आता नेमका मालकाच्या बाजूने साक्ष देतो. कायद्याने मात्र इतर पुरावेही धरले आहेत: वडीलधाऱ्यांचा जबाब, दगडांची ताल, विहीर, जुनी झाडं, मसणवट, देवाचं ठिकाण. मग कुणीतरी जीपीएसचं मशीन घेऊन बांधावरून चालतो आणि प्लॉटचा आकार स्क्रीनवर उमटत जातो.

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या अंगाच्या एका वाडीत असा पंचनामा चालला होता. दावेदार काका म्हातारे, पण पाय चपळ. ते मशीनवाल्याच्या पुढे पुढे चालत होते आणि प्लॉटची हद्द संपली तरी थांबेनात. ओढ्यापर्यंत गेले. ओढ्यापलीकडे शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता, तिथे हात जोडले. वरच्या उतारावरची मोहाची झाडं दाखवली. वनरक्षक म्हणाला, "काका, इथं तुमची शेती नाही." काका म्हणाले, "शेती नाय, पन रान आमचाच हाय ना. जलन इथला, कंद इथला, देव बी इथलाच." वनरक्षक भला माणूस होता. तो म्हणाला, "मग ते सामूहिकात घाला. नमुना अ मध्ये नाही बसत."

त्या वाक्यात सगळा विषय आला. या कायद्याचे तीन नमुने आहेत. नमुना अ वैयक्तिक प्लॉटचा. नमुना ब सामूहिक वापराचा: चराई, मासे, मोह-हिरडा-मध असं गौण वनउपज. नमुना क सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतलं अख्खं जंगल राखायचं, वापरायचं आणि त्याचं व्यवस्थापन करायचं, याचा अधिकार ग्रामसभेला. अ मध्ये जमीन मिळते. क मध्ये सत्तेचा वाटा मिळतो. गडचिरोली जिल्हा सामूहिक हक्कांत देशात आघाडीवर गेला. आपल्या ठाणे-पालघरकडे मात्र जोर राहिला तो वैयक्तिक प्लॉटवर. कारण उघड आहे. इथे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन केलेली माणसं आहेत, त्यांना आधी पायाखाली जमीन हवी होती. पण सरकारी बाजूनेही अ सोयीचा पडतो. प्लॉटचा पट्टा कार्यक्रमात वाटता येतो, फोटो काढता येतो. क दिला की उद्या वनखात्याला कूप तोडायचं असेल तर पाड्यावर जाऊन विचारावं लागतं.

वनखात्याला विचारावं लागू नये, याची व्यवस्था इथे जुनी आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 पासून ती कल्याणपर्यंत धावू लागली. रेल्वेला लाकूड हवं, वाढत्या मुंबईला जळण हवं. 1878च्या वन कायद्याने राखीव जंगलं आखली गेली आणि ठाण्यातल्या डोंगराळ पट्ट्यात पहिली ठिणगी पडली ती राबावरून. नाचणी-वरईची किंवा भाताची रोपं टाकण्याआधी जमिनीवर टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून भाजतात, तो राब. टहाळ तोडण्यावर बंदी आली की राब नाही, राब नाही की रोप नाही. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल 1887चा. कुणाची झाडं किती तोडायची एवढ्यापुरता तो वाद नव्हता. शेती कशी करायची हे वाडीने ठरवायचं की मुंबईतल्या सचिवाने, असा तो वाद होता. सचिव जिंकला.

पुढच्या पन्नास वर्षांत जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली, उरलेलं रान सरकारकडे, आणि वारली आपल्याच जागेवर वेठबिगार झाला. लग्नासाठी काढलेल्या थोड्या पैशांपायी नवराबायको जन्मभर राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. 1930च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात हे सगळं नोंदवलं आहे. अहवाल दप्तरात गेला. लोक उठले ते टिटवाळ्यानंतर.

टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. जानेवारी 1945 मध्ये याच टिटवाळ्यात महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिचे कर्तेधर्ते. उंबरगाव-डहाणूकडचे काही वारली तिथे आले, आणि त्यांतल्या माह्या धांगडाने भर सभेत वेठबिगारीची हकिगत सांगितली. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची स्वतंत्र परिषद झाली आणि वेठ बंद म्हणजे बंद असं ठरलं. ऑक्टोबर 1945 मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तरीही मजुरी वाढली, लग्नगडीची पद्धत मोडली. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हा सगळा काळ लिहून ठेवला आहे.

हा लढा मला फार जवळचा आहे, म्हणूनच त्याची मर्यादाही नोंदवते. तो मजुरी आणि जमिनीच्या भाषेत लढला गेला. कसेल त्याची जमीन. रानाचा कारभार कुणी करायचा, वारल्यांच्या रीतींना कायद्यात जागा असावी का, हे प्रश्न त्याच्या जाहीरनाम्यात मागेच राहिले. पुढे भूमिसेना, कष्टकरी संघटना, श्रमजीवी संघटना, मुरबाडची श्रमिक मुक्ती संघटना यांनी ती बाजू हळूहळू पुढे आणली.

हे प्रश्न त्याच सुमारास दिल्लीत एका माणसाने उभे केले होते. डिसेंबर 1946, घटना समिती. झारखंडचे जयपालसिंग मुंडा, ऑलिम्पिक हॉकी संघाचे एकेकाळचे कर्णधार. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका. ती त्यांच्याकडे फार जुनी आहे, तुम्हीच त्यांच्याकडून शिका. मुंबईतही वाद रंगला होता. विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये 1943च्या पुस्तकात आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवत होते, तर व्हेरियर एल्विन त्यांच्या वेगळेपणाचं रक्षण मागत होते. दोघेही विद्वान, दोघेही कळकळीचे. पण दोघांच्याही मांडणीत निर्णय बाहेरच्याने घ्यायचा होता: एकाने मिसळवण्याचा, दुसऱ्याने जपण्याचा. जयपालसिंगांचा मुद्दा या दोघांच्या पलीकडचा होता.

घटनेने मधला मार्ग काढला. ईशान्येकडच्या डोंगराळ भागाला सहावी अनुसूची दिली, तिथे स्वायत्त जिल्हा परिषदा आल्या. आपल्याकडे पाचवी अनुसूची लागली. तिच्यात अधिकार आहेत, पण ते राज्यपालांच्या हाती. गावाच्या हाती काही यायला 1996चा पेसा कायदा यावा लागला, आणि त्याचे महाराष्ट्रातले नियम व्हायला 2014 उजाडलं. मधली अठरा वर्षं कायदा होता, राबवायची रीत नव्हती.

शिवाय ही अनुसूची नकाशावरच्या रेषेने चालते, आणि ती रेषा आपल्या दारातून जाते. 1985च्या आदेशाप्रमाणे शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात. मुरबाडची 77 गावं आत, बाकीची बाहेर. भिवंडीची 72 आत. कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर, ठाणे यांतलं एकही नाही. म्हणजे शहापुरातल्या एखाद्या पाड्याजवळ दगडखाण यायची असेल तर ग्रामसभेची शिफारस लागते. टिटवाळ्याच्या पलीकडच्या, कल्याण तालुक्यातल्या कातकरीवाडीला कुणी विचारायचं बंधन नाही. तीच जमात, तेच दारिद्र्य, मध्ये फक्त तालुक्याची शीव.

ठाण्याचं येऊर याहून अवघड. जांभूळपाडा, पाटोणपाडा हे आदिवासी पाडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आणि त्याच वेळी ठाणे महापालिकेत. नगरसेवक आहे, प्रभाग आहे, ग्रामसभा नाही. वनहक्क कायद्याची सगळी इमारत ग्रामसभेवर उभी. मग शहराच्या हद्दीत आलेल्या पाड्याने दावा कुणापुढे मांडायचा? पेसासारखाच कायदा नगरपालिका क्षेत्रांसाठी करायचं विधेयक 2001 मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. येऊरच्या बंगल्यांतल्या रात्रीच्या गोंगाटाबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून येतं. पाड्यांच्या या कोंडीबद्दल मी फार कमी वाचलं आहे, आणि ठाण्यातल्या सुजाण वाचकांनी तिकडे लक्ष द्यावं असं मला फार वाटतं.

आता जगाकडे. 13 सप्टेंबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आदिवासी समाजांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने 144, विरोधात चार, तटस्थ अकरा. विरोधातले चार कोण? अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. बाहेरून आलेल्यांनी वसवलेले, स्थानिकांची जमीन घेऊन श्रीमंत झालेले देश. (पुढे चौघांनीही भूमिका बदलली.) जाहीरनाम्याचं तिसरं कलम स्वयंनिर्णयाचं, दहावं सांगतं की पूर्वसंमतीशिवाय कुणाला जागेवरून हलवू नये. आणि 46वं कलम कुठल्याही देशाच्या भौगोलिक एकतेला धक्का लावायला परवानगी देत नाही. स्वयंनिर्णय म्हटलं की फुटीरपणा, अशी भीती आपल्याकडे लगेच बोलून दाखवली जाते. जाहीरनाम्यातच तिचं उत्तर आहे. मागणी देशाच्या आत राहून आपला कारभार पाहण्याची आहे.

भारताने बाजूने मत दिलं, पण खुलासा जोडला: स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय इथले मूळचे, आणि स्वयंनिर्णय फक्त परकी सत्तेखालच्या लोकांसाठी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा आदिवासींविषयीचा 1957चा करार आपण मान्य केला होता. 1989चा, निर्णयातल्या सहभागावर भर देणारा करार मात्र अजून स्वीकारलेला नाही.

सरकारच्या युक्तिवादामागे एक खरी अडचण आहे, ती नाकारू नये. आधी कोण आलं याचा हिशोब भारतात कुठवर मागे नेणार? आपल्याच भागात पाहा. डोंबिवलीलगतच्या 27 गावांतला आगरी समाज स्वतःला भूमिपुत्र म्हणतो, आणि ते खरंच आहे. ती गावं महापालिकेत घालायची की बाहेर ठेवायची यावर दोन दशकं आंदोलनं झाली. 2002 मध्ये ती वगळली, 2015 मध्ये पुन्हा घातली. आमचा कारभार आम्हाला न विचारता बदलू नका, ही त्यांची मागणी मला पूर्ण न्याय्य वाटते. नेवाळीचे शेतकरी दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन अजून मागताहेत, तेही न्याय्य आहे. पण त्याच गावांच्या कडेला कातकऱ्यांची वाडी असते, जिच्या झोपड्यांखालची जमीनही तिची नसते. पावसाळा संपला की माणसं बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि गावाच्या ग्रामसभेत त्यांचा आवाज उमटत नाही. एकाच गावात दोघे भूमिपुत्र, आणि एकाच्या हाती दुसऱ्याचं घर.

म्हणून 'आधी कोण आलं' यावर हा हक्क उभा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला पक्का आधार दुसरा आहे. एखादा समाज एका भूभागाशी जगण्याने बांधलेला आहे, त्याच्या स्वतःच्या रीती आहेत, राज्याने त्याची संमती कधी घेतली नाही, आणि तो तोटा आजही चालू आहे. यासाठी हजार वर्षांपूर्वीचा पुरावा लागत नाही, गेल्या दीडशे वर्षांची वनखात्याची दप्तरं पुरतात. वनहक्क कायद्याची प्रस्तावनाही हेच सांगते: आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे, आणि आता हक्क मान्य करायचे आहेत. सरकार काही दान करत नाही, आधीपासून असलेली गोष्ट कबूल करतं आहे. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मेर बेटावरच्या एडी माबो यांच्या खटल्यात हेच म्हटलं. इंग्रज आले तेव्हा ती जमीन कुणाचीच नव्हती, हे गृहीतच खोटं होतं असा निकाल दिला.

पण मान्यता देणारा कोण? कॅनडातले डेने समाजाचे विचारवंत ग्लेन कूल्थार्ड यांनी 2014च्या आपल्या पुस्तकात यावर बोट ठेवलं. मान्यता देण्या-न देण्याचा अधिकार जोवर सरकारकडे आहे तोवर खुर्ची सरकारचीच, अर्जदार आदिवासीच, असा त्यांचा आक्षेप. हे वाचताना मला उपविभागीय समितीकडून परत आलेली फाईल दिसते. ग्रामसभेने ठराव केला, गावाच्या वनहक्क समितीने पंचनामा केला, वडीलधाऱ्यांचे जबाब झाले, आणि वर शेरा: पुरावा अपुरा. ज्या पाड्याला जंगल राखण्याचा अधिकार द्यायचा, त्याच्या शब्दावर विश्वास मात्र ठेवायचा नाही. अशा नाकारलेल्या दावेदारांना हटवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी दिला होता. देशभर हलकल्लोळ झाला आणि पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. त्याआधी वर्षभर, मार्च 2018 मध्ये, नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरून भिवंडी-ठाण्यावरून मुंबईत गेला, तेव्हा त्यात सर्वांत जास्त होते ते वनहक्काचे दावे अडकलेले आदिवासी. दहावीच्या मुलांची परीक्षा बुडू नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीत चालून संपवला. ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही त्यांनी शहराची केवढी काळजी घेतली.

कूल्थार्ड बरोबर आहेत, तरी मी फाईल सोडून द्या म्हणणार नाही. कारण कायद्याची कड धरून काय होऊ शकतं हे महाराष्ट्रातच दिसलं आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाची घोषणा प्रसिद्ध आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने हे नुसतं म्हटलं नाही. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ठराव नाही, अशी रीत पाळली, अभ्यास मंडळं चालवली, आणि 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. बांबू विकायला निघाले तेव्हा वाहतूक परवान्यावरून अडवणूक झाली. बांबू गवत की झाड, यावर कागद फिरत राहिले. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांनी घ्यावा असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये सांगितलं, आणि डोंगरिया कोंधांच्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला. खाण झाली नाही.

आपल्याकडची तशी कसोटी म्हणजे काळू धरण. काळू नदी माळशेजच्या कड्यांवरून उतरते, मुरबाड तालुका ओलांडते आणि टिटवाळ्यावरून उल्हासला येऊन मिळते. तिच्यावर मुरबाडमध्ये धरण बांधून महानगर प्रदेशातल्या शहरांना पाणी द्यायचं, अशी योजना. सुमारे हजार हेक्टर जंगल त्यात बुडणार, आणि बुडणारी वस्ती बहुतांश आदिवासी. वनमंजुरी नसताना काम सुरू झालं. गावांनी ग्रामसभांचे ठराव करून विरोध केला, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली, आणि 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. केंद्राच्या वन सल्लागार समितीने आधी प्रस्ताव नाकारला, पुढच्याच वर्षी तत्त्वतः होकार दिला. तेव्हापासून हे धरण अधूनमधून बातम्यांत डोकं वर काढतं, बहुधा उन्हाळ्यात, डोंबिवलीच्या नळांना पाणी कमी आलं की.

पाणी आम्हाला हवंच आहे. पण शहापूरकडे पाहा. 1892चं तानसा तिथे आहे, भातसा तिथे आहे, मुंबई-ठाण्याची तहान तिथून भागते, आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा बाधित कुटुंबांना नोकऱ्या द्यायचं ठरलं. तो चांगला मोबदला होता. मोबदला मिळणं वेगळं आणि आधी हो-नाही विचारलं जाणं वेगळं. 2009च्या केंद्राच्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती आवश्यक केली होती. 2022च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर पाहायची, असा क्रम लावला. म्हणजे निर्णय झाल्यावर संमती विचारायची. ग्रामसभेने तेव्हा नाही म्हटलं तर काय, याचं उत्तर त्या नियमांत सापडत नाही.

आणि ग्रामसभा म्हणजे कुणाची? मोठ्या महसुली गावाची सभा भरली तर कातकरीवाडी मागे पडते, हे वर आलंच. म्हणून राज्याच्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घ्यायची सोय आहे, ती जास्तीत जास्त वाड्यांनी वापरावी यासाठी आम्ही सध्या खटपट करतो. वनहक्कांच्या सभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात. वीटभट्टीच्या हंगामात सभा लावली तर ती कधीच भरत नाही, हे सभेची तारीख ठरवणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. आम्ही तारखा दिवाळीआधीच्या मागून घेतो.

शहराकडूनही एक गोष्ट लगेच होण्यासारखी आहे. नव्या धरणाच्या पाण्याची मागणी करणारा ठराव कल्याण-डोंबिवली महापालिकेपुढे येईल तेव्हा त्या धरणक्षेत्रातल्या प्रत्येक ग्रामसभेचा ठराव, नकार असला तर नकारासकट, सभागृहात पूर्ण वाचून दाखवावा आणि इतिवृत्तात घ्यावा. गळती किती, पावसाचं पाणी किती अडवलं, याचा हिशोब त्याच्याबरोबर ठेवावा. असं निवेदन मी आमच्या प्रभागात दिलं आहे. सोसायटीच्या सभेत त्यावर पाऊण तास चर्चा झाली. काहींनी सही केली, काहींनी पाण्याच्या वेळापत्रकाचा कागद पुढे केला. ज्यांनी सही केली नाही त्यांना मुरबाडच्या पुढच्या ग्रामसभेचं आमंत्रण दिलं आहे. कल्याण एसटी स्टँडवरून टोकावड्याची गाडी आहे.